एप्रिलचा पहिला पगार काढण्याआधी पगारपत्रक नीट लावून घ्या

एप्रिलचा पगार काढायला बसायच्या आधी एक आख्खा दिवस फक्त पगारपत्रक तपासायला ठेवा, असं मी ज्यांचं पगाराचं काम बघते त्या माझ्या सगळ्या पार्ट्यांना सांगते. वर्कशॉप असो, बेकरी असो, नाहीतर वीस-पंचवीस माणसांची छोटी फॅक्टरी, आपण सगळे करतो काय तर मागच्या महिन्याची शीट उचलतो, महिन्याचं नाव बदलतो आणि हजेरी भरतो, त्यामुळे एप्रिलला शिरलेली चूक थेट पुढच्या मार्चपर्यंत कॉपी होत जाते. आणि त्या चुकीचे पैसे बहुतेक वेळा कामगाराच्याच खिशातनं जातात, ज्याला पगाराच्या पावतीवरचे आकडे विचारायचाही संकोच वाटतो.

२०२३ ची गोष्ट सांगते. ऑक्टोबरमध्ये एका पॅकिंग युनिटचं काम माझ्याकडे आलं, शीट उघडली तर चौदा बायका, पगार बारा ते पंधरा हजार, आणि एप्रिलपासून प्रत्येकीचे दरमहा २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स म्हणून कापलेले. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला हा टॅक्सच नाही, पण शीटमधला जुना फॉर्म्युला कोणी हलवलाच नव्हता. सहा महिन्यांचे प्रत्येकी १,२०० रुपये. मालकांनी दिवाळीच्या आधी सगळ्यांना सही घेऊन परत दिले, सरकारात भरलेल्या पैशांचं काय करायचं ते नंतर बघू म्हणाले. पैसे घेताना एक मावशी म्हणाल्या, "मला वाटलं सगळ्यांचेच कापतात." ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

या वर्षी, म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून, बदल दोन बाजूंनी आले आहेत. एक, १९६१ चा इन्कम टॅक्स कायदा जाऊन इन्कम टॅक्स कायदा २०२५ लागू झाला. दोन, चार लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत, पण बऱ्याच छोट्या मालकांनी "नवीन वर्षात बघू" म्हणून ते बाजूला ठेवले होते, तर ते नवीन वर्ष आता आलं.

आधी टॅक्सचं, कारण त्यात एक नावाचा सापळा आहे. जुन्या कायद्यात फायनान्शिअल इयर वेगळं आणि असेसमेंट इयर वेगळं असायचं. नव्या कायद्यात एकच शब्द, टॅक्स इयर, म्हणजे करवर्ष. ज्या वर्षी पगार मिळाला त्याच वर्षाचं नाव. ऐकायला सोपं वाटतं, पण या एप्रिल-मे मध्ये काय होणार बघा: मार्चच्या टीडीएसचं, म्हणजे पगारातनं कापलेल्या इन्कम टॅक्सचं, चलन तुम्ही ३० एप्रिलपर्यंत भरणार, ते जुन्या कायद्याखाली, असेसमेंट इयर २०२६-२७. आणि एप्रिलच्या टीडीएसचं चलन ७ मे पर्यंत भरणार, ते नव्या कायद्याखाली, टॅक्स इयर २०२६-२७. आकडा तोच, अर्थ दोन, आणि मध्ये फक्त एका आठवड्याचं अंतर. चलन भरणाऱ्या माणसाने नुसतं २०२६-२७ बघून क्लिक केलं की पैसे चुकीच्या वर्षाला गेले आणि मग कर्मचाऱ्याच्या खात्यात टीडीएस दिसत नाही, तो जुलैमध्ये रिटर्न भरायला गेला की तुम्हाला फोन. म्हणून मार्चचं चलन शक्यतो एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच भरून टाका, दोन्ही चलनं एकत्र टेबलावर येऊच देऊ नका. कलमांचे नंबरही बदललेत. पगारावरच्या टीडीएसचं १९२ होतं ते आता ३९२, नव्या रिजीमचं (कमी दराची, पण फारशा वजावटी नसलेली टॅक्सची पद्धत) ११५बीएसी होतं ते २०२, बचतीच्या वजावटीच्या ८०सी चं १२३ झालं. पाठ करायची गरज नाही, पण सॉफ्टवेअरवाल्याला विचारून अपडेट टाकून घ्या आणि अपडेट टाकल्यावर एका माणसाचा पगार हाताने काढून टॅली करा. सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

अजून एक, मार्चचा पगार तुम्ही ५ एप्रिलला दिलात म्हणून तो नव्या वर्षाचा होत नाही. महिना संपला की पगार देणं लागतो असं ज्यांचं ठरलेलं आहे त्यांचा मार्चचा पगार २०२५-२६ च्याच उत्पन्नात धरायचा. एप्रिलच्या शीटमध्ये तो ओढू नका, नाहीतर या वर्षी तेरा पगार दिसतील आणि टीडीएस उगाच जास्त निघेल.

आता प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी विचारायचं, जुनी रिजीम का नवी. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं तरी चालेल पण त्याचा प्रिंट फाइलला लावा. उत्तर आलं नाही तर नव्या रिजीमनेच हिशोब करायचा, कारण तीच मूळ धरलेली आहे. आणि पगारदार माणूस स्वतःचं रिटर्न वेळेत भरताना निवड बदलू शकतो, हे त्याला सांगा, म्हणजे आत्ता दिलेल्या उत्तराचं दडपण येत नाही.

इथे थोडं थांबून समजावून सांगावं लागतं, कारण बरेच जण "मी दरवर्षी एलआयसी भरतो, मला जुनीच ठेवा" असं सवयीने म्हणतात. वर्षाला ९ लाख पगार असलेला सुपरवायझर घ्या. जुन्या रिजीममध्ये ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) आणि दीड लाखाची बचत वजा केली तरी ७ लाख उरतात, त्यावर ५२,५०० टॅक्स आणि ४ टक्के सेस धरून ५४,६०० होतात. तोच माणूस नव्या रिजीममध्ये आला तर शून्य. नव्या रिजीममध्ये टॅक्स निघत असेल आणि घरभाडं किंवा होमलोनचं व्याज खूप मोठं असेल तरच जुनीचा विचार करण्यात अर्थ. हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, पाच मिनिटं लागतात आणि त्या माणसाचे महिन्याला साडेचार हजार वाचतात.

नव्या रिजीमचे स्लॅब ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढे प्रत्येक ४ लाखाला ५, १०, १५, २०, २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३०. स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००. उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य, म्हणजे पगार १२,७५,००० पर्यंत, महिन्याला १,०६,२५० पर्यंत असेल तर पगारावर टीडीएस नाही. आपल्या छोट्या धंद्यांत यात जवळजवळ सगळे बसतात.

अडतं ते या रेषेच्या जरा वर असलेल्या माणसाचं. समजा तुमच्या मॅनेजरला महिना १,१०,००० आहे. वर्षाचे १३,२०,०००, त्यातनं ७५,००० गेले, राहिले १२,४५,०००. स्लॅबने काढला तर टॅक्स ६६,७५० येतो. पण १२ लाखांच्या वरची कमाई फक्त ४५,००० आहे आणि कायदा म्हणतो, त्या जास्तीच्या कमाईपेक्षा टॅक्स जास्त घेता येणार नाही, याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. म्हणजे टॅक्स ४५,०००, वर सेस १,८००, एकूण ४६,८००, महिन्याला ३,९०० कापायचे. ज्या शीटमध्ये हा रिलीफ घातलेला नाही ती महिन्याला ५,७८५ कापते. जवळजवळ १,९०० रुपयांचा फरक आहे दर महिन्याला, तेव्हा तुमच्याकडे बारा-साडेबारा लाखांच्या आसपास कोणी असेल तर हा एक हिशोब स्वतः करूनच बघा. आणि नव्या रिजीममध्ये प्रोफेशनल टॅक्सची वजावट मिळत नाही, ते २,५०० उत्पन्नातनं वजा करू नका.

पॅन नसलेल्या माणसाचा टॅक्स निघत असेल तर २० टक्क्यांनी कापावा लागतो, म्हणून पॅन आधीच घ्या. कर्मचाऱ्याचा बँकेच्या व्याजावर किंवा दुसरीकडे टीडीएस, टीसीएस (पैसे घेणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला टॅक्स) कापला गेला असेल तर तो त्याने तुम्हाला कळवला की तुम्ही पगारातनं तेवढा कमी कापू शकता, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. मुलाला परदेशात शिकायला पाठवणाऱ्यांना पैसे पाठवताना टीसीएस बसलेला असेल तर त्यांना तर नक्की विचारा.

कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. ८ ला भरला तर एका दिवसाचं व्याज लागत नाही, महिना किंवा महिन्याचा भाग असं धरून दरमहा दीड टक्का लागतो, म्हणजे ३० एप्रिलला कापलेला आणि ८ मे ला भरलेला टीडीएस दोन महिन्यांचा धरून ३ टक्के व्याज घेऊन जातो.

आता लेबर कोड. यातला सगळ्यात मोठा बदल वेतन कशाला म्हणायचं याचा आहे, आणि इथेच मला छोट्या मालकांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आजवर आपल्याकडे पीएफ वाचवायला बेसिक कमी आणि भत्ते जास्त अशी पगाराची मोडणी करायची पद्धत होती. आता घरभाडं, प्रवासखर्च, ओव्हरटाइम, कमिशन असे ठरावीक भत्ते वेतनातनं वगळता येतात, पण वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली तर जास्तीचा भाग परत वेतनात धरायचा.

प्रत्यक्ष करून बघू. एका हेल्परला एकूण २४,००० मिळतात: बेसिक ८,०००, घरभाडं १०,०००, प्रवास ६,०००. वगळलेले भत्ते झाले १६,०००. निम्मे म्हणजे १२,०००. जास्तीचे ४,००० परत वेतनात आले, वेतन झालं १२,०००. पीएफ आधी ८,००० वर १२ टक्के म्हणजे ९६० कापला जायचा, आता १,४४०. कामगाराच्या हातात ४८० कमी येणार आणि मालकालाही तेवढेच जास्त भरावे लागणार. ज्यांचा पीएफ आधीच १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो त्यांना काहीच फरक पडत नाही, हे पण लक्षात ठेवा, उगाच सगळ्यांना घाबरवू नका.

आणि "स्पेशल अलाउन्स" नावाचा जो रकाना आपण उरलेली रक्कम टाकायला वापरतो ना, तो वगळायच्या यादीत नाहीच. तो वेतनातच धरायचा. मी बघितलेल्या शीट्समध्ये निम्म्या ठिकाणी तो बाहेर ठेवलेला होता. बेसिक ९,०००, घरभाडं ६,०००, प्रवास ३,०००, स्पेशल ६,००० असेल तर वेतन ९,००० नाही, १५,००० आहे.

हे ४८० रुपये कमी का आले ते पगार देण्याआधी सांगा, नंतर नाही. मी एका वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून सांगितलं, तुमचे ४८० कुठे गेले नाहीत, तुमच्याच पीएफ खात्यात गेलेत आणि त्याच्या जोडीला मालकाचे ४८० पण. मग ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा) हिशोब फळ्यावर लिहिला: दहा वर्षं झालेल्या माणसाला ८,००० वर साधारण ४६,१५४ मिळाले असते, १२,००० वर ६९,२३१ मिळतील. महिन्याचं वेतन गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं, एवढंच गणित. सगळे शांत झाले, आणि एकाने मोबाइल काढून स्वतःचा आकडा काढला. माणसांना हिशोब कळतो, फक्त कोणीतरी सांगायला लागतं.

ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागते. पाच वर्षांची अट कायमच्या माणसांना आहेच, पण ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला आता एक वर्षानंतरच त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, म्हणून अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करत असाल तर त्या फाइली काढून बघा आणि मालकांशी आत्ताच बोलून घ्या, मोठा आकडा अचानक समोर यायला नको. शिवाय सगळ्यांना नेमणूकपत्र द्या. मराठीत, एका पानाचं, पद, पगाराची मोडणी आणि सुट्टीचा दिवस लिहिलेलं असलं तरी पुष्कळ काम होतं.

माणूस सोडून गेला की "पुढच्या पगाराला ये, हिशोब करतो" हे आता चालत नाही. राजीनामा असो नाहीतर काढलेलं असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ग्रॅच्युइटीला तीस दिवस आहेत. यासाठी हजेरी रोजच्या रोज भरलेली पाहिजे, महिनाअखेरीला मस्टर भरायची सवय असेल तर दोन दिवसांत हिशोब होणारच नाही. उचलीचंही तसंच, जूनमध्ये शाळेच्या फीसाठी आणि दिवाळीला माणसं उचल घेतात, ती कापताना सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. हप्ते पाडा आणि हप्त्याचा कागद करा.

ईएसआयसीसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, एप्रिल महिना फार महत्त्वाचा, कारण त्यांचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. वेतनाची मर्यादा २१,०००. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. एखाद्याचं ईएसआयसीसाठी धरायचं वेतन १ एप्रिललाच २१,६०० झालं तर तो एप्रिलपासून बाहेर. पण तीच वाढ मे पासून दिली तर तो ३० सप्टेंबरपर्यंत आतच राहतो, आणि कपात पूर्ण २१,६०० वर होते, त्याचे १६२ आणि तुमचे ७०२. बरेच जण मर्यादा ओलांडली की त्याच महिन्यात नाव काढून टाकतात, ते चूक आहे.

म्हणून पगारवाढ जाहीर करायच्या आधी रेषेजवळच्या माणसांना वेगळं बोलवा. एकाची बायको सात महिन्यांची गरोदर होती आणि ईएसआयसी दवाखान्यात नाव घातलेलं होतं, त्याला सातशे रुपयांच्या वाढीपेक्षा तो दवाखाना जास्त मोलाचा होता. आम्ही त्याची वाढ एक महिना पुढे ढकलली, त्याला विचारून, त्याच्या सहीने.

पीएफ वीस माणसांपासून लागतो, पीएफ आणि ईएसआयसी दोन्हीचे पैसे भरायचे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पीएफला मालकाला बारा टक्क्यांच्या वर ईडीएलआय (पीएफसोबतचा आयुर्विमा) आणि प्रशासन खर्चाचे प्रत्येकी अर्धा टक्का धरून एकूण तेरा पडतात, प्रशासन खर्च कमीत कमी ५००. नवीन माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून निघतो, जॉइन झाल्या दिवशीच त्याच्या फोनवर करून घ्या.

प्रोफेशनल टॅक्सचा तक्ता परत एकदा शीटमध्ये तपासा. पुरुषांना ७,५०० पर्यंत नाही, १०,००० पर्यंत १७५, त्याच्या वर २००, बायकांना २५,००० पर्यंत नाही आणि वर गेल्यावर २००; ज्यांचे २०० कापतात त्या सगळ्यांचे फेब्रुवारीत ३००. हे त्या त्या महिन्याच्या पगारावर ठरतं, त्यामुळे २४,८०० वाल्या बाईचा पगार एखाद्या महिन्यात २५,४०० झाला तर त्या महिन्याचे २०० कापायचे आणि पुढच्या महिन्यात परत शून्य. ६५ वर्षांवरच्या माणसाला टॅक्स नाही, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यालाही नाही, दाखला फाइलला लावा. मागच्या वर्षीचा एकूण टॅक्स एक लाखाच्या आत असेल तर वर्षाचं एकच रिटर्न ३१ मार्चपर्यंत, नाहीतर दर महिन्याला. आणि धंद्याचे स्वतःचे २,५०० वेगळे, ३० जूनच्या आत, हे हमखास राहून जातात.

पाच किंवा जास्त माणसं असतील तर कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारात, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५, भरायचे १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत. जुन्या शीटमध्ये १२ आणि ३६ दिसत असतील तर ते २०२४ आधीचे दर आहेत, बदला. किमान वेतनाचा विशेष भत्ता (महागाईप्रमाणे ठरणारा, वरचा स्पेशल अलाउन्स नव्हे) जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्या दोन महिन्यांच्या पानावर आत्ताच लाल पेनने खूण करून ठेवा.

हे सगळं लावून झालं की मागच्या वर्षाचं काम संपवायचं राहतं. जानेवारी-मार्चचं २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं तिमाही रिटर्न) ३१ मे पर्यंत, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या टीडीएसचा दाखला, १५ जूनपर्यंत कर्मचाऱ्यांच्या हातात. हे दोन्ही २०२५-२६ चे, म्हणजे जुन्या कायद्याचे, त्यात ३९२ किंवा टॅक्स इयर असं काही टाकायचं नाही. मी त्यासाठी दोन वेगळ्या फाइली केल्यात, जुन्या वर्षाची पिवळी आणि नव्याची हिरवी, आणि चलनाची प्रत निघाली की ती आधी रंग बघून लावायची आणि मगच पुढचं चलन उघडायचं.